श्रावणातला पहिला सोमवार

सकाळी ७.१०

अस्थिरोग वॉर्डातून सिस्टरांचा फोन. "मॅडम, चार नंबर रात्रभर झोपला नाही. सलाईन उपटून टाकली. आता पलंगावर बसून ट्रॅक्टर चालवतोय."

"ॲडमिट कधीचा?"

"गुरुवारी रात्री आलाय. गटारीचा."

एवढं पुरे होतं. गुरुवारी गटारी झाली, शुक्रवारी श्रावण लागला, आज सोमवार. शेवटचा घोट पोटात जाऊन साधारण ऐंशी तास उलटले. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, फिट यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते आणि माणूस भ्रमिष्ट होतो तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. गटारीनंतरच्या सोमवारी मला कुठल्या वॉर्डातून फोन येणार, याचा अंदाज मी पंचांग बघून बांधू शकते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या कुणालाही बांधता येईल.

सकाळी ८.००

पेशंट चाळिशीचा, मोटरसायकल घसरून मांडीचं हाड मोडलेलं, शनिवारी ऑपरेशन झालेलं. अंग घामाने निथळतंय, नाडी १२८, थोडा ताप. चादरीवरच्या मुंग्या वेचतोय. चादरीवर मुंग्या नाहीत. "आज वार कोणता?" "गुरुवार." "आपण कुठे आहोत?" "कारखान्यावर, काट्याला नंबर लावलाय."

नातेवाइकांचं निदान तयार होतं. अमावस्येला पडला, त्यातही ओढ्यापाशी, तिथे पूर्वीही कुणी गेलेलं. आईने दंडाला काळा दोरा बांधला होता, उशीखाली लिंबू होतं. शिकलेल्या मेव्हण्याचं म्हणणं, भूल अजून उतरली नाही. मी दोरा सोडायला सांगितला नाही. त्याने काही बिघडत नाही, आणि आईशी पहिल्याच मिनिटाला वाद घातला तर पुढचं काहीच कळत नाही.

केसपेपरवर "व्यसन : नाही" असं लिहिलेलं. लिहिणाऱ्या डॉक्टराला मी दोष देत नाही. रात्री बाराला, रक्ताळलेल्या माणसाला, भोवती दहा नातेवाईक आणि दारात पोलीस असताना "दारू पिता का" असं विचारलं तर उत्तर एकच येतं. त्यातून विम्याचा क्लेम. "कागदावर तेवढं लिहू नका साहेब" ही विनंती आमच्याकडे इतक्यांदा होते की काही जण विचारायचंच सोडून देतात.

बायकोला व्हरांड्यात नेलं. सासूसमोर ती म्हणाली होती, "कधीतरी घेतात, सणावाराला." बाहेर भिंतीला टेकून म्हणाली, "सकाळी घेतल्याबगर ब्रश धरता येत न्हाई हाताला. चहाची बशी सांडते. एक चपटी उजाडताना, मग दिवसभर चालूच." किती वर्षं? "थोरलीचं लगीन झालं तवापासून."

निदान झालं. एकही तपासणी न करता, व्हरांड्यात.

यात मेंदूचं काय होतं ते तिला सांगितलं. दारू मेंदूला थंड करते, म्हणून मेंदू उलट्या बाजूने जोर लावून जागं राहायला शिकतो. वर्षानुवर्षं ही रस्सीखेच चाललेली असते. मग एके रात्री अपघात होतो, दवाखान्यात दारू मिळत नाही, एका बाजूचा दोर एकदम सुटतो आणि दुसरी बाजू सगळ्या जोरासकट कोसळते. लोराझेपामचं इंजेक्शन म्हणजे तो दोर पुन्हा हातात धरणं आणि चार-सहा दिवसांत हळूहळू सैल करणं. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ओळखलीच नाही तर माणूस दगावतो. वेळेत उपचार झाले तर बहुसंख्य वाचतात.

सिस्टरांना क्रम सांगितला: आधी थायमिन, मग ग्लुकोज. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१. रोज पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो आणि अशा वेळी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. इंजेक्शन स्वस्तातलं आहे. ते न दिल्याची किंमत मी पाहिलेली आहे: स्वतःच्या मुलीला रोज नव्याने नाव विचारणारा बाप. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासायला पाठवलं. दिवा चालू ठेवा, एकच माणूस जवळ बसू द्या, हातपाय बांधू नका.

सकाळी ९.३०

ओपीडी. श्रावणी सोमवार असूनही गर्दी, निम्मे उपाशी. दारूच्या नावाने केसपेपर काढलेले आज चार-पाच जण असतील. दारूमुळे आलेले त्याहून पुष्कळ जास्त आहेत, पण ते पित्त, बीपी, निद्रानाश, हातापायांना मुंग्या, "चक्कर येऊन पडले" अशा नावांखाली दुसऱ्या रांगांत उभे आहेत. माझ्या नोकरीचा निम्मा भाग म्हणजे त्या रांगांतल्या डॉक्टरांशी मैत्री ठेवणं.

मेडिसिनवाल्यांनी एक आजोबा पाठवले. पायांच्या तळव्यांना आग, मुंग्या. साखर नॉर्मल. रक्ताच्या रिपोर्टात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या झालेल्या, यकृताच्या तपासणीत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, प्लेटलेट कमी. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कागदच बोलायला लागतो. तरी कागदावरून आरोप करायचा नसतो. मी आधी चहा विचारते. दिवसाला किती कप? मग तंबाखू. मळून की पुडीची? मग त्याच सुरात: "आणि क्वार्टर लागते की नाइन्टीत भागतं?" पितो की नाही हा प्रश्नच मधे येऊ द्यायचा नाही. आजोबा छताकडे बघत म्हणाले, "क्वार्टर. पण देशीची. इंग्लिश परवडत न्हाई."

हिशेब सगळ्यांनाच चुकीचा माहीत असतो. लोक म्हणतात, "थोडी घेतो, एकच क्वार्टर." एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे तीत सुमारे साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आरोग्यशास्त्रात मोजायचं एक माप दहा ग्रॅमचं धरलं तर ही सहा मापं झाली. "एकच" या शब्दात सहा मावतात.

मग एक तरुण. शनिवारी सकाळी घरी फिट आली, जीभ चावली. तालुक्याच्या गावी मिरगीचं निदान होऊन वर्षानुवर्षांच्या गोळ्या चालू झालेल्या. मेंदूचा स्कॅन स्वच्छ. मी विचारलं, "श्रावण पाळता?"

चेहरा उजळला. "पाळतो ना मॅडम! गुरुवारी शेवटची घेतली. दरवर्षी कडक पाळतो."

"मागच्या श्रावणातही फिट आली होती का?"

आई म्हणाली, "आली व्हती की. श्रावण लागल्या लागल्याच."

दोन श्रावण, दोन फिटा आणि मधले अकरा महिने काही नाही. ही मिरगी नाही. गोळ्यांचं काय करायचं ते न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू, आपल्या मनाने बंद करू नका, असं बजावलं आणि त्याला वॉर्डात दाखल करून घेतलं.

श्रावणाबद्दल माझं मत सरळ आहे. महिनाभर ज्याला सहज न पिता राहता येतं, त्याच्यासाठी श्रावण उत्तम; यकृताला विश्रांती मिळते, घरात पैसा राहतो. पण ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याने श्रावण पाळायचा तर डॉक्टरला विचारून. या दोन माणसांत फरक करायला आपल्याकडे घरात कुणी शिकवत नाही. उलट श्रावण हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. आजच एक गृहस्थ, बायकोने जवळजवळ ढकलत आणलेले, मला म्हणाले, "मी व्यसनी असतो तर महिनाभर सोडली असती का?" मी म्हटलं, "श्रावण पाळता, चांगलं आहे. भाद्रपदात काय होतं?" उत्तर बायकोने दिलं. "गणपतीच्या मिरवणुकीत वसूल करतात."

त्यांना प्रश्नावली दिली. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची, दहा प्रश्न, चाळीस गुण. किती वेळा, किती, ठरवूनही थांबता आलं नाही असं किती वेळा झालं, सकाळी उठल्या उठल्या लागली का, काल रात्रीचं आठवलं नाही असं झालं का, कुणाला दुखापत झाली का, कुणी काळजीने बोललं का. आठ गाठले की काळजी, वीसच्या आसपास पोचलं की अवलंबित्वाची शंका. गृहस्थांचे चौदा आले. हा आकडा मला आवडतो. इथे अजून बोलून काम होतं; कॉट लागत नाही, गोळ्याही फारशा नाहीत.

गोव्यात संगाथ संस्थेने हे करून दाखवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी मोजक्या बैठकांत बोलायचं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांत शंभरातले २६ जण धोक्याच्या रेषेखाली आले होते, समुपदेशनाची जोड मिळालेल्यांत ३६. फरक दहाचा आहे. ज्याच्या घरात त्या दहातला एक आहे, त्याला विचारा. आमच्याकडे समुपदेशकाची एक जागा मंजूर आहे आणि ती वरचेवर रिकामी असते.

दुपारी १२.४५

ओपीडी संपता संपता एक बाई एकटीच आली. दार लोटून घेतलं, पदराच्या गाठीतून पुडी काढली. पांढरी पावडर. "यष्टी स्टँडवर घेतली. भाजीत घालायची, त्याला कळू द्यायचं न्हाई. खरं असतंय का?"

न सांगता दारू सोडवा. या जाहिराती भिंतींवर आहेत, एसटीच्या पाठीवर आहेत, आता मोबाइलमध्येही आहेत. त्या पुडीत नेमकं काय होतं ते मला माहीत नाही, आणि विकणाऱ्यालाही असेल असं वाटत नाही. पण अशा पुड्यांत आणि काही वेळा दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांत डायसल्फिराम असू शकतं. औषध खरं आहे, १९४८ साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ते या कामासाठी पुढे आणलं. ते शरीरात असताना दारू घेतली की दारूचं पचन अर्ध्यावर अडतं, ॲसिटाल्डिहाइड साठतं, तोंड लालबुंद होतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो. समजून उमजून, लेखी संमतीने, घरातल्या कुणासमोर रोज गोळी घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, कारण पिण्याचा निर्णय दिवसातून एकदाच, सकाळी, शुद्धीत घ्यावा लागतो. ज्याला ठाऊकच नाही तो मात्र संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर मारणार. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतेल. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

हे सगळं तिला सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हंजे मरंल?"

तिच्या स्वरात फक्त भीती नव्हती. ते मी केसपेपरवर लिहिलं नाही. समाजसेवा अधीक्षकांना बोलावलं, मारहाणीबद्दल विचारलं. दंड दाखवला तिने. व्यसनाच्या उपचारांआधी तिच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागतो, म्हणून पुढचा अर्धा तास नवऱ्याच्या दारूबद्दल नव्हताच. संरक्षण अधिकारी कोण, रात्री कुठे जाता येईल, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची. पुडी माझ्या कचऱ्याच्या डब्यात राहिली.

दुपारी २.००

डबा. वरण, भात, श्रावण म्हणून घेवडा. दहा मिनिटं.

दुपारी २.३०

व्यसनमुक्ती वॉर्ड, दहा कॉट. पहिल्या तीन दिवसांची मंडळी ओळखू येतात, लिब्रियमच्या गोळ्यांच्या अंमलाखाली गुंगलेली. खरी कसोटी पाचव्या दिवसाची. थरथर गेलेली असते, भूक परत आलेली असते, दाढी केलेली असते आणि माणूस म्हणतो, "आता एकदम ओके आहे. सोडा मला."

शरीरातून दारू काढणं सोपं आहे, हे वाक्य मी वॉर्डात रोज बोलते आणि कुणालाच ते पटत नाही. इतके हाल सोसल्यावर ते सोपं कसं म्हणायचं? पण पुढचे तीन महिने त्याहून कठीण. त्यासाठी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते, मात्र यकृत फार बिघडलं असेल तर जपून. अकॅम्प्रोसेट यकृताला चालतं, पण मूत्रपिंडं ठीक लागतात आणि दिवसातून तीनदा गोळ्या घ्याव्या लागतात, महागही पडतं. कुठलीही गोळी दारूचा तिटकारा आणत नाही. ती थोडी उसंत देते, त्या उसंतीत माणसाने काय करायचं ते ठरवावं लागतं.

म्हणून दुपारच्या बैठकीत आम्ही धोक्याच्या जागा लिहून काढतो. फळ्यावर आज आलेली यादी: उसाचं बिल जमा होण्याचा दिवस. हळद. मयताहून परतताना. मेव्हणा. रानात रात्रपाळीचं पाणी. "लई दिवसांनी भेटलास, एकच घे." एकाने लिहायला सांगितलं, "घरचे चांगलं बोलायला लागले की." सगळे हसले. त्याने हसत सांगितलं नव्हतं. सगळे तुमच्यावर विश्वास ठेवायला लागतात तेव्हा तो पेलवत नाही, असं त्याचं म्हणणं. मी फळ्यावर ते सगळ्यात वर लिहिलं.

एका कॉटवर बाई आहे. ऊसतोडीच्या टोळीतली होती, आता गावीच असते. बायकांना हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो, आणि त्यांचं शरीर मात्र कमी दारूत, कमी वर्षांत बिघडतं. तिला भेटायला कुणी येत नाही. पुरुषांच्या उशाशी बायका बसलेल्या असतात, हिच्या उशाशी पिशवी. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे, तिथे बोलणं चालू आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, ते ब्राऊन शुगरच्या मुलांसाठी. पुढे तिथे मोठी गर्दी दारूचीच झाली. तिथला मुक्काम लांबचा असतो. आमच्याकडे कॉट रिकामी करण्याचा तगादा.

दुपारी ४.००

नातेवाइकांची बैठक. यात मी कमी बोलते. एक बायको सांगत होती, कंपनीत "ताप आलाय" असा फोन दर सोमवारी तीच करते. एक वडील बारची उधारी दर महिन्याला भागवतात, गावात नाव नको म्हणून. हे प्रेमच आहे, पण त्याने पिणाऱ्याला दारूची पुरती किंमत कधी मोजावीच लागत नाही. उधारी भागवू नका, एवढं म्हटलं तरी वडील हळहळले. "लोक काय म्हणतील?" लोकांना माहीत आहे, काका.

माळ घालू का, असं एकाच्या आईने विचारलं. घाला. पंढरीची वारी करणाऱ्या संगतीने अनेकांना सांभाळलेलं आहे. नुसत्या माळेपेक्षा ती संगत कामाला येते. फक्त गोळ्या आणि माळ यांत भांडण लावू नका, आणि तो घसरला तर माळ विटाळली म्हणून त्याला घराबाहेर काढू नका. घसरणं हा या आजाराचा भाग आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली म्हणून आपण त्याला शपथा घालत नाही.

संध्याकाळी ५.१५

कागदपत्रं. अस्थिरोगचा केसपेपर दुरुस्त केला, विम्याची भीती असलेल्या मेव्हण्याशी वाद झाला. खरं लिहिलं नाही तर पुढच्या वेळी कुठल्या तरी दवाखान्यात हाच माणूस पुन्हा भ्रमिष्ट होईल आणि तिथेही सगळे भूल उतरायची वाट बघतील, हे त्याला पटलं की नाही कळलं नाही. सही केली मात्र.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं नोंदलं आहे. हा आकडा सांगितला की लोक व्यसनमुक्ती केंद्रं वाढवा म्हणतात. वाढवावीत. पण उरलेले ३७ दवाखान्यात येतच नाहीत असं समजू नये. येतात, पित्ताची गोळी घेऊन परत जातात.

रात्री ८.३०

घरी पोचल्यावर अनोळखी नंबर. आवाज नीटस, मास्तरकीतला. "मॅडम, एका मित्रासाठी विचारायचं होतं."

"विचारा."

"तो श्रावणात सोडायची म्हणतो. गटारीला जमलं नाही, पण आजपासून नक्की. काही औषध लागतं का?"

"मित्र सकाळी किती वाजता घेतो?"

बराच वेळ काही नाही. मागे कुठेतरी टीव्ही चालू. मग, "शाळेत जायच्या आधी. थोडीच. हात स्थिर राहावा म्हणून. फळ्यावर लिहायचं असतं."

"आज घेतली?"

"नाही. सकाळपासून नाही. हात फार थरथरतोय... म्हणजे त्याचा."

"घरात कोण आहे?"

"बायको आहे."

"त्यांच्याकडे फोन द्या. आज रात्रीच या, दुचाकीवरून नको, एकटे तर नकोच. कॅज्युअल्टीत माझं नाव सांगा, मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करून ठेवते. केसपेपरवर काय लिहायचं ते मी सांगेन. आणि आल्या आल्या पहिली गोष्ट म्हणून सगळ्यांसमोर हे सांगायची गरज नाही, बाजूला घेऊन विचारतील."

फोन बाईंच्या हातात गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "सोबत काय काय आणायचं?"